काम दिसते एक, अडते दुसरेच
प्रकल्पाचे नियोजन : पहिल्या कागदापासून शेवटच्या हिशेबापर्यंत

नवा धंदा उभारायचा ठरले की आपल्याकडे बहुधा एकाच क्रमाने कामे होतात. आधी जागा घेतली जाते, मग पत्र्याची शेड उभी राहते, पाटी रंगवली जाते. यंत्र कोठून आणायचे, वीज कधी मिळेल, माल विकत घ्यायला पैसा किती लागेल, हे प्रश्न त्यानंतर निघतात. तोवर हातातला पैसा संपत आलेला असतो आणि हंगाम निघून गेलेला असतो. शेड उभी राहते, शटर मात्र बंद राहते. त्या शटरमागे पुष्कळदा आईचे दागिने, थोरल्या भावाची आखातातली कमाई किंवा वडिलांच्या निवृत्तीचे पैसे अडकलेले असतात.

अशा वेळी लोक नशिबाला किंवा सरकारी कचेऱ्यांना बोल लावतात. पण बऱ्याचदा खरे कारण साधे असते : कामांचा क्रम चुकलेला असतो. जे काम डोळ्यांना दिसते ते आधी झालेले असते आणि जे वेळ खाते ते मागे राहिलेले असते. या लेखात कामाचे नियोजन आरंभापासून शेवटापर्यंत कसे करावे हे पाहू. त्यासाठी परदेशी कारखान्यांची उदाहरणे शोधण्याची गरज नाही. लातूर, किल्लारी आणि नांदेड येथे पुरेसे शिकण्यासारखे घडून गेले आहे.

प्रकल्प म्हणजे काय?

दुकान चालवणे हा व्यवसाय आहे. दुकान उभे करणे हा प्रकल्प आहे. व्यवसाय रोज चालतो. प्रकल्पाला सुरुवात असते, शेवट असतो, ठराविक पैसा असतो आणि तो पुरा झाल्यावर हाती पडणारी एक निश्चित वस्तू असते. घर बांधणे, डाळ गिरणी उभारणे, मुलीचे लग्न पार पाडणे, शाळेला नवीन वर्ग जोडणे हे सर्व प्रकल्पच होत. रोजच्या धंद्यात आज चुकले तर उद्या सुधारता येते. प्रकल्पात ही संधी कमी असते, कारण एका कामाची चूक पुढच्या पाच कामांना अडवते. म्हणून येथे विचार आधी आणि खर्च नंतर हा नियम पाळावा लागतो.

लातूरची पाण्याची गाडी

२०१६ च्या उन्हाळ्यात लातूर शहराला पाणी पुरवणारे मांजरा धरण कोरडे पडले होते. त्या वर्षी मार्च महिन्यात पाणी भरण्याच्या ठिकाणी भांडणे होऊ नयेत म्हणून जमावबंदीचा आदेश काढावा लागला. अखेर कृष्णाकाठच्या मिरजेहून रेल्वेने पाणी आणायचे ठरले. अंतर सुमारे साडेतीनशे किलोमीटर. राजस्थानातील कोटा येथील रेल्वे कारखान्यात टाक्यांच्या वाघिणी आतून वाफेने स्वच्छ करून पिण्याच्या पाण्यासाठी तयार करण्यात आल्या. प्रत्येक वाघिणीत सुमारे ५० हजार लिटर पाणी मावत असे. ११ एप्रिलला मिरजेहून पहिली गाडी निघाली आणि १२ एप्रिलच्या पहाटे लातूरला पोहोचली. पुढे या गाडीला 'जलदूत' हे नाव मिळाले.

आता व्यवस्थेच्या दृष्टीने एक गोष्ट पाहा. कोट्याहून ५० वाघिणी येऊ शकत होत्या, तरी पहिल्या गाडीत पाणी होते फक्त १० वाघिणींचे, म्हणजे ५ लाख लिटर. अशा ९ फेऱ्या झाल्या. ५० वाघिणींची, २५ लाख लिटरची पहिली गाडी लातूरला पोहोचली ती २० एप्रिलच्या सुमारास. वाघिणी होत्या, इंजिन होते, रूळ होते. अडत होते ते मिरजेच्या टोकाला : एका वेळी ५० वाघिणी भरायच्या तर तेवढे शुद्ध पाणी, तेवढे पंप आणि तेवढ्या तोट्यांची नळवाहिनी रुळाशेजारी हवी. दुसऱ्या टोकाला लातुरातही तसेच होते. आलेले पाणी उतरवून घ्यायचे, स्थानकाजवळच्या मोठ्या विहिरीत साठवायचे, तेथून शुद्धीकरणासाठी न्यायचे आणि मग टँकरने वस्तीत पोहोचवायचे. वर्तमानपत्रांत छायाचित्र छापून आले ते गाडीचे. काम मात्र ठरत होते ते नळवाहिनीवर, पंपावर आणि विहिरीवर.

कोट्याहून आणखी शंभर वाघिणी आणल्या असत्या तरी लातूरला एक थेंब जास्त मिळाला नसता. मिरजेची भरण्याची सोय वाढताच मात्र त्याच गाडीचे पाणी पाचपट झाले. प्रत्येक प्रकल्पात अशी एक जागा असते. तिला ओळखणे म्हणजेच निम्मे नियोजन.

आणखी एक गोष्ट विसरू नये. मिरज ते लातूर हा मार्ग पूर्वी बार्शी लाइट रेल्वेचा, म्हणजे छोट्या रुळांचा होता. या शतकाच्या पहिल्या दहा-बारा वर्षांत तो टप्प्याटप्प्याने मोठ्या रुळांचा झाला. ते काम पाण्यासाठी झाले नव्हते. पण ते झाले नसते तर २०१६ मध्ये ५० वाघिणींची अवजड गाडी त्या वाटेने आलीच नसती. घाईच्या दिवसांत उपयोगी पडते ती आधीची तयारी.

पहिली पायरी : शेवट आधी लिहा

कागदाच्या माथ्यावर एक वाक्य लिहा : हे काम पुरे झाले असे मी केव्हा म्हणेन? "डाळ गिरणी टाकायची" हे उद्दिष्ट नव्हे. "१ जानेवारीपासून रोज ८ क्विंटल तूर भरडून विकण्याजोगी डाळ तयार व्हावी" हे उद्दिष्ट. त्यात तारीख आहे, माप आहे आणि दर्जाही आहे.

माप लिहिल्याचा फायदा पाण्याच्या गाडीवरून कळतो. २०११ च्या जनगणनेनुसार लातूर शहराची लोकसंख्या सुमारे ३ लाख ८३ हजार होती. ५ लाख लिटर हा आकडा ऐकायला मोठा वाटतो; माणशी भागिला तर सव्वा लिटरच्या थोडे वर येतो. २५ लाख लिटर म्हणजे माणशी साडेसहा लिटर. म्हणजे ही गाडी पिण्यापुरता आधार होती. शहराची सारी गरज भागवणारी नव्हती. बाकीचे पाणी इतर ठिकाणांहून टँकरने आणावेच लागणार होते. माप मांडले की आपली योजना गरजेचा किती भाग भागवते हे पहिल्याच दिवशी समजते. मोघम बोलत राहिलो तर ते शेवटच्या दिवशी समजते.

उद्दिष्टाखाली आणखी एक ओळ लिहा : या कामात काय येत नाही? गिरणीच्या प्रकल्पात पहिल्या वर्षी पॅकिंग यंत्र नाही, किरकोळ दुकान नाही, दुसरी डाळ नाही. ही ओळ नसली की पाहुण्यांच्या प्रत्येक सल्ल्यासरशी काम फुगत जाते.

दुसरी पायरी : कामे मोडून लिहा

मोठे काम अंगावर येते. मोडलेले काम हातात येते. लातूरच्या औद्योगिक वसाहतीत एखाद्या तरुणाला छोटी तूरडाळ गिरणी टाकायची आहे असे समजू. नवी तूर बाजारात डिसेंबरअखेर, जानेवारीत येऊ लागते, म्हणून गिरणी १ जानेवारीला चालू हवी. खालील आठवडे समजण्यापुरते धरले आहेत; आपल्या कामाचे आठवडे आपण चौकशी करून लिहावेत.

क) जागा पाहणे व भाडेकरार : ३ आठवडे.
ख) भांडवलाची जुळवाजुळव (भागीदार, नातेवाईक, पतसंस्था, बँक, ज्याचा जो मार्ग) : ८ आठवडे. जागेचा कागद पाहिल्याशिवाय पैसा देणारा हात पुढे करत नाही, म्हणून हे काम क नंतर.
ग) यंत्रांची ऑर्डर आणि ती तयार होऊन येणे : ६ आठवडे. आगाऊ रक्कम द्यावी लागते, म्हणून ख नंतर.
घ) शेड, यंत्राचा पाया, डाळ वाळवण्याचे फरशीचे अंगण : ५ आठवडे. क नंतर केव्हाही.
ङ) महावितरणची तीन फेजची वीजजोडणी : ७ आठवडे. क नंतर केव्हाही.
च) यंत्रे बसवणे : २ आठवडे. ग आणि घ दोन्ही पुरे झाल्यावर.
छ) चाचणी : २ आठवडे. च आणि ङ दोन्ही पुरे झाल्यावर.

उद्यम नोंदणी, जीएसटी, अन्न परवाना ही कागदी कामे क नंतर लगेच हाती घेऊन बाजूला चालू ठेवावीत. छोट्या कामासाठी एवढी यादी पुरते. प्रत्येक ओळीत तीनच गोष्टी आहेत : काम काय, वेळ किती, आणि ते कोणासाठी थांबते. पैकी तिसरी गोष्ट लिहायची राहून जाते आणि तेथेच घात होतो.

तिसरी पायरी : सर्वांत लांब साखळी शोधा

आता एकमेकांसाठी थांबणारी कामे जोडून पाहा. क, घ, च, छ ही शेडची साखळी : ३, ५, २ आणि २ मिळून १२ आठवडे. क, ङ, छ ही विजेची साखळी : ३, ७ आणि २ मिळून तीही १२ आठवडे. क, ख, ग, च, छ ही पैशाची व यंत्राची साखळी : ३, ८, ६, २ आणि २ मिळून २१ आठवडे. प्रकल्प पुरा व्हायला २१ आठवडे लागतील, कारण सर्वांत लांब साखळी तेवढी आहे. १ जानेवारीपासून मागे मोजले तर सुरुवातीची तारीख येते ७ ऑगस्ट. दसऱ्याच्या मुहूर्तावर नारळ फोडला तर हा हंगाम गेलाच म्हणून समजावे.

या गणिताला मोठ्या कारखान्यांत भारदस्त इंग्रजी नावे आहेत. १९५० नंतरच्या दशकात अमेरिकेत रसायन कारखान्यांसाठी आणि नौदलासाठी ही पद्धत शास्त्रशुद्ध केली गेली. त्याआधी, १९१० च्या सुमारास, हेन्री गँट या अमेरिकन अभियंत्याने आडव्या पट्ट्यांचा तक्ता रूढ केला होता. वहीचे पान आडवे धरावे, वर आठवडे लिहावेत, डावीकडे कामे लिहावीत आणि प्रत्येक कामासमोर त्याच्या कालावधीइतकी पट्टी रंगवावी. भिंतीवर चिकटवलेला असा एक कागद दहा बैठकांचे काम करतो.

लांब साखळी कळली की तीन निर्णय आपोआप होतात.

पहिला : घाई कोठे करायची. शेडवर दुप्पट गवंडी लावले तरी गिरणी एक दिवसही लवकर चालू होणार नाही, कारण शेड लांब साखळीत नाहीच. पण जागा शोधता शोधताच यंत्रांची दरपत्रके मागवून ठेवली आणि भागीदारीच्या अटी कागदावर उतरवल्या, तर भांडवलाचे ८ आठवडे ६ वर येऊ शकतात. तेवढ्याने सारा प्रकल्प २ आठवडे अलीकडे येतो. खर्च किती? काही फोन आणि दोन संध्याकाळी.

दुसरा : सैल वेळ कोठे आहे. शेडचे काम २८ ऑगस्टला सुरू होऊ शकते. पण ३० ऑक्टोबरला सुरू केले तरी चालते. म्हणजे ९ आठवडे सैल आहेत. ऑगस्ट-सप्टेंबरच्या पावसात पाया खणून चिखल उपसण्यापेक्षा पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरच्या मध्यावर काम काढावे. तोवर भांडवलही हाती येत आलेले असते. पैसा हातात येण्याआधी शेडमध्ये गाडून टाकण्याचे कारण उरत नाही.

तिसरा : कोणती सैल वेळ वापरायची नाही. विजेच्या कामातही ९ आठवडे सैल आहेत. पण ते काम आपल्या हातात नाही. जे काम दुसऱ्याच्या टेबलावर व्हायचे असते, त्याचा अर्ज पहिल्याच दिवशी द्यावा. सैल वेळ त्याच्यासाठी राखून ठेवावी. स्वतःच्या हातातले काम पुढे ढकलता येते, दुसऱ्याच्या हातातले नाही.

पैशाचा हिशेब : यंत्राचा वेगळा, मालाचा वेगळा

प्रकल्प बुडण्याचे एक नेहमीचे कारण म्हणजे सारा पैसा यंत्रात घालणे. आपल्या गिरणीचेच उदाहरण घेऊ. रोज ८ क्विंटल तूर, महिन्याला २५ दिवस काम, म्हणजे २०० क्विंटल. तुरीचा भाव क्विंटलला ७,००० रुपये धरला तर महिन्याची तूर झाली १४ लाख रुपयांची. तूर रोख घ्यावी लागते. तिला रोलर मारणे, तेलाचा हात लावणे, उन्हात वाळवणे आणि मग भरडणे यात काही दिवस जातात. डाळ विकल्यावर गंजगोलाईतला किंवा परगावचा व्यापारी पैसे देतो ते मुदतीने. क्विंटलभर तुरीची डाळ साधारण ७० ते ७५ किलो उतरते. बाकी चुनी आणि टरफल, ते जनावरांच्या खाद्यासाठी जाते. म्हणजे गुंतलेला पैसा महिनाभर तरी फिरून येत नाही. यंत्रे समजा ६ लाखांची असली, तरी गिरणी पुऱ्या ताकदीने चालवायला त्याच्या दुपटीहून जास्त खेळते भांडवल लागते. ते नसेल तर गिरणी लहान काढावी किंवा सुरुवातीला इतरांची तूर मजुरीवर भरडून द्यावी. यंत्र चालू आणि पोते रिकामे, अशी अवस्था येऊ देऊ नये.

म्हणून हिशेबाचे चार रकाने करावेत : जागा व बांधकाम, यंत्रे, खेळते भांडवल, राखीव. राखीव रक्कम बांधकाम व यंत्रखर्चाच्या निदान दहा टक्के असावी आणि ती वेगळ्या खात्यात ठेवावी. खिशातली राखीव रक्कम राखीव राहत नाही. पैसा कोणत्या तारखेला लागेल तेही पट्ट्यांच्या तक्त्याखाली लिहावे. एकूण पैसा पुरेसा असूनही नेमक्या आठवड्यात हात रिकामा असल्याने पुष्कळ कामे अडतात.

भागीदार भाऊ असो, मेहुणा असो की जिवलग दोस्त, कोणी किती दिले, कोण काम करणार, नफा-तोटा कसा वाटायचा आणि कोणी मध्येच बाहेर पडला तर काय, हे पैसा देण्याच्या दिवशी लिहून दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात. लिहून घेणे म्हणजे अविश्वास दाखवणे, असा समज आपल्याकडे आहे. प्रत्यक्षात नाती तुटतात ती न लिहिल्यामुळे.

माणसे : ज्याला वापरायचे त्याला आधी विचारा

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या किल्लारीच्या भूकंपात सुमारे आठ हजार माणसे दगावली. त्यानंतर लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात जे पुनर्वसन झाले तो देशातल्या मोठ्या प्रकल्पांपैकी एक होता. जागतिक बँकेच्या साहाय्याने १९९४ पासून काम सुरू झाले. सर्वाधिक हानी झालेली ५२ गावे नव्या जागी वसवण्यात आली. कुटुंबाकडच्या जमिनीप्रमाणे २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची घरे ठरली. दुसरीकडे, कमी हानी झालेल्या गावांतील लाखाहून अधिक घरांची दुरुस्ती व मजबुतीकरण मालकांनी स्वतः करायचे होते. पैसा हप्त्याहप्त्याने मिळणार होता.

या कामातून दोन धडे मिळाले. नव्या वसाहतींत सरळ रुंद रस्ते आणि चौकटीत आखलेली घरे कागदावर नीटनेटकी दिसली. पण मराठवाड्याच्या शेतकऱ्याला गुरे बांधायला, कडबा रचायला, धान्य ठेवायला जागा लागते. भाऊबंदांचा शेजार लागतो. जेथे हे आधी विचारले गेले नाही तेथे लोकांनी पुढे स्वतःच्या खर्चाने आडोसे आणि छपरे वाढवून घेतली. दुसरा धडा दुरुस्तीच्या कामाचा. घराचा मालक, मुख्यतः घरातली बाई, कामात लक्ष घालू लागावी यासाठी गावोगावच्या स्त्रियांना संवाद सहायक म्हणून नेमण्यात आले. कोणता हप्ता कशासाठी, भिंतीत काय बदल करायचे, हे त्यांनी घरोघरी समजावून सांगितले. हजारो घरांवर अभियंता रोज जाऊ शकत नाही. घरची बाई चोवीस तास तेथेच असते.

आपल्या छोट्या कामातही हेच लागू पडते. गिरणीचा आराखडा काढताना जो हमाल पोती वाहणार आहे त्याला विचारा, ट्रक कोठून मागे घ्यायचा ते ड्रायव्हरला विचारा, यंत्राचे तोंड कोणीकडे हवे ते फिटरला विचारा. मग प्रत्येक कामापुढे एकाचे, फक्त एकाचेच, नाव लिहा. "आपण सगळे मिळून पाहू" या वाक्याचा व्यवहारातला अर्थ कोणीही पाहणार नाही असाच होतो.

तारीख हलत नसेल तर

काही कामांची तारीख आपल्या हाती नसते. श्री गुरू ग्रंथ साहिब यांना नांदेड येथे १७०८ मध्ये गुरूपद मिळाले. त्या घटनेच्या तीनशेव्या वर्षाचा, गुरु-ता-गद्दीचा सोहळा २००८ मध्ये नांदेडला झाला. देशविदेशांतून भाविक येणार होते. केंद्राच्या नागरी पुनर्निर्माण योजनेत नांदेडचा समावेश झाला. रस्ते, पूल, गोदावरीचे घाट, विमानतळ अशी कामे त्या सोहळ्याच्या तोंडावर शहरात झाली. येथे तारीख तीनशे वर्षांपूर्वीच ठरून गेली होती. ती चार दिवस पुढे ढकला, असे कोणाला म्हणता येत नव्हते.

अशा प्रकल्पात सुरुवातीलाच कामाचे दोन भाग करावेत : त्या दिवशी असलेच पाहिजे ते, आणि नंतर झाले तरी चालेल ते. वेळ कमी पडू लागली तर दुसऱ्या भागाला कात्री लावावी. पहिल्याला हात लावू नये. नांदेडच्या एखाद्या तरुणाला ईदच्या बाजारासाठी कपड्यांचे दुकान उघडायचे असेल तर माल, मांडणी, दिवे आणि बिलाची वही हे पहिल्या भागात येते. काचेचा दर्शनी भाग, वातानुकूलन, छताची नक्षी दुसऱ्या भागात. ईद कोणासाठी थांबत नाही; छताची नक्षी बकरीदपर्यंत थांबू शकते.

चाचणी आणि आठवड्याची पाहणी

पाण्याच्या पहिल्या ९ फेऱ्या लहान होत्या. त्याला कारण मिरजेची अडचण असली तरी एक फायदा झाला : भरणे, वाहणे, उतरवणे, वाटणे या सगळ्या साखळीची चाचणी लहान मापावर झाली. आपणही यंत्र बसल्याबरोबर पन्नास क्विंटल तूर ओतू नये. आधी एक क्विंटल भरडावी, तुकडा किती पडतो, डाळ किती उतरते, मोटार तापते का ते पाहावे. दोष निघाला तर यंत्रवाल्याचा माणूस गावात असतानाच निघावा. म्हणूनच यंत्राच्या रकमेचा शेवटचा हप्ता चाचणीनंतर द्यायचा, हे ऑर्डरच्या कागदावरच लिहून घ्यावे.

आठवड्यातला एक वार ठरवून तासभर बसावे. जुम्याला दुकान बंद ठेवणाऱ्यांना तो दिवस सोयीचा. तीन प्रश्न पुरेत : गेल्या आठवड्यात काय पुरे व्हायचे होते, काय पुरे झाले, आणि लांब साखळीतले काम कोठे आहे? "होत आले आहे" हे उत्तर वहीत लिहू नये. काम एकतर झाले आहे किंवा नाही. लांब साखळीतले काम आठवडाभर मागे पडले तर त्याच बैठकीत नवा मार्ग ठरवावा. सैल वेळेतले काम मागे पडले तर नोंद करावी, घाबरू नये. पण सैल वेळ संपली की तेच काम लांब साखळीत येऊन बसते, हे लक्षात ठेवावे.

शेवट नीट करा

काम सुरू करताना सगळे हजर असतात. आवरताना एकटाच उरतो. जलदूतच्या बाबतीत शेवट स्पष्ट होता : पावसाळा आला, पाण्याची सोय होऊ लागली, गाडी थांबली. ऑगस्ट २०१६ पर्यंत १११ फेऱ्यांत सुमारे २५ कोटी ९५ लाख लिटर पाणी आले. ९ फेऱ्या ५ लाखांच्या आणि १०२ फेऱ्या २५ लाखांच्या, हा हिशेब कोणालाही ताडून पाहता येतो. रेल्वेने मे महिन्यात, जिल्हा प्रशासनाने मागितल्यावरून, तोवरच्या वाहतुकीचे सुमारे ४ कोटी रुपयांचे बिलही पाठवले. पैसे कोणी द्यायचे हा पुढचा प्रश्न; पण काम आणीबाणीचे होते म्हणून खर्चाची नोंदच नाही, असे झाले नाही.

आपला प्रकल्प पुरा झाल्यावर पंधरा दिवसांच्या आत पाच गोष्टी कराव्यात. सर्वांची देणी चुकवून पावत्या घ्याव्यात. यंत्रांची हमीपत्रे, वीज, भाडे, परवाने यांचे कागद एका फाइलमध्ये लावावेत. चालवणाऱ्या कामगाराला यंत्राची निगा शिकवावी. अंदाजे खर्च आणि प्रत्यक्ष खर्च शेजारी शेजारी लिहून भागीदारांपुढे ठेवावा. आणि ज्या कामाला धरल्यापेक्षा जास्त दिवस लागले त्याची कारणे दोन ओळींत लिहून ठेवावीत. पुढच्या वेळी, आपल्याला किंवा आपल्या धाकट्या भावाला, हे दोन कागद विकतच्या सल्ल्यापेक्षा जास्त उपयोगी पडतील.

वाचकांसाठी स्वाध्याय

आपल्या मनात जे काम घोळत आहे ते घ्या आणि एका कागदावर पुढील सहा प्रश्नांची उत्तरे लिहा.

१) हे काम पुरे झाले असे मी कोणत्या तारखेला, कोणत्या मापाने म्हणेन?
२) त्याची दहा-बारा तुकड्यांतली कामे कोणती आणि प्रत्येक काम कोणासाठी थांबते?
३) सर्वांत लांब साखळी किती आठवड्यांची? मागे मोजले तर सुरुवात कोणत्या तारखेला?
४) दुसऱ्याच्या हातातली कामे कोणती? त्यांचे अर्ज कधी जाणार?
५) यंत्र व बांधकाम सोडून पहिला महिना माल फिरवायला किती पैसा लागेल?
६) प्रत्येक कामापुढे कोणाचे नाव?

पैकी एखाद्या प्रश्नाचे उत्तर लिहिता आले नाही तर ते मिळेपर्यंत नारळ फोडू नये आणि आगाऊ रक्कमही देऊ नये. कागदावर अडलेले काम फुकट सुटते. तेच काम शेड उभी राहिल्यावर अडले तर रोजचे भाडे भरून सोडवावे लागते.